सर जेम्स पॅजेट : दबलेल्या नसेची पहिली नोंद करणारा डॉक्टर

विद्यार्थी मित्रांनो, विज्ञानाच्या पुस्तकात 'ऊती' हा भाग शिकताना स्नायू ऊती आणि चेता ऊती आपण आवडीने वाचतो, पण संयोजी ऊती मात्र घाईघाईत उरकतो. अस्थिबंध हाडाला हाड जोडतो, स्नायुरज्जू स्नायूला हाडाशी जोडतो, एवढं एक वाक्य पाठ केलं की काम झालं असं वाटतं. पण हीच जोडणारी, बांधून ठेवणारी ऊती जर जास्त घट्ट झाली, जाड झाली, चिकटली, तर काय होतं? तिच्या खालून किंवा मधून जाणारी चेता अडकते. मग मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, रात्री झोपेतून उठवणारी कळ येते. ही गोष्ट ज्यांनी वैद्यकाच्या पुस्तकात सर्वांत आधी स्पष्टपणे लिहून ठेवली, त्यांपैकी एक म्हणजे इंग्लंडचे शल्यचिकित्सक सर जेम्स पॅजेट. आज त्यांच्या जीवनाची ओळख करून घेऊया.

त्याआधी एक शब्द स्पष्ट करतो. आपण बोलताना 'नस दबली' म्हणतो, आणि रक्त काढतानाही 'नस सापडत नाही' म्हणतो. म्हणजे एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना! या लेखात नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, तर मेंदू आणि मज्जारज्जूपासून निघून हातापायांपर्यंत जाणारी चेता, म्हणजेच नर्व्ह.

यारमथचा मुलगा

जेम्स पॅजेट यांचा जन्म ११ जानेवारी १८१४ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ग्रेट यारमथ या गावी झाला. हे मासेमारीचं बंदर. हेरिंग माशासाठी ते प्रसिद्ध होतं. वडील सॅम्युअल पॅजेट यांचा बिअर गाळण्याचा कारखाना होता आणि मालवाहू जहाजंही होती. गावात मोठा मान होता, ते यारमथचे महापौरही झाले होते. घरात एकूण १७ मुलं जन्मली, त्यांतली नऊ मोठी झाली. त्या काळात श्रीमंताच्या घरीसुद्धा बालमृत्यू किती होते, हे या आकड्यावरून लक्षात येईल.

पण जेम्स वाढत होता त्याच काळात वडिलांचा धंदा बसत चालला होता. मोठ्या भावांना नावाजलेल्या शाळेत पाठवलं गेलं, जेम्सची पाळी आली तेव्हा पैसे उरले नव्हते. त्याचं शिक्षण गावातल्याच शाळेत झालं. आधी नौदलात पाठवायचा विचार होता, तो मागे पडला आणि १८३० मध्ये, सोळाव्या वर्षी, गावातल्याच चार्ल्स कॉस्टर्टन नावाच्या सर्जनकडे तो उमेदवारीला लागला. उमेदवारी म्हणजे औषधं कुटायची, पुड्या बांधायच्या, हिशेब लिहायचा, रुग्णांची जखम बांधायची. आजच्या मेडिकल कॉलेजसारखं काही नाही. १८३२ मध्ये गावात कॉलरा आला तोही त्याने जवळून पाहिला.

या चार-साडेचार वर्षांत रिकाम्या वेळात त्याने एक उद्योग केला. भाऊ चार्ल्स आणि तो मिळून यारमथच्या परिसरातील वनस्पती, कीटक, पक्षी, मासे गोळा करू लागले. जेम्सकडे वनस्पती होत्या. दोघा भावांनी मिळून १८३४ मध्ये यारमथच्या निसर्गावर एक छोटं पुस्तकच छापलं. जेम्स तेव्हा वीस वर्षांचा होता. पुढे त्यांनी स्वतःच म्हटलं आहे की वनस्पतींची नावं त्यांना आयुष्यात फारशी उपयोगी पडली नाहीत, पण दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टींत फरक शोधण्याची सवय मात्र तिथेच लागली. मला तर वाटतं, गवताच्या दोन जातींतला फरक ओळखणाऱ्या डोळ्यांनाच पुढे रोग्याच्या हातातला फरक दिसला.

बोथट होणारी सुरी

१८३४ च्या शरद ऋतूत जेम्स लंडनला सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिकायला गेला. हे रुग्णालय ११२३ साली स्थापन झालेलं, लोक त्याला प्रेमाने 'बार्ट्स' म्हणतात. पहिलंच वर्ष. शवविच्छेदनाच्या खोलीत एका इटालियन माणसाचं प्रेत टेबलावर होतं. त्याच्या स्नायूंमध्ये बारीक बारीक पांढरे ठिपके होते, आणि चिरताना त्यांवर सुरी खरखरायची, बोथट व्हायची. असे ठिपके आधीही अनेकांनी पाहिले होते. हाडाचे कण असतील म्हणून सगळे पुढे जायचे. पॅजेट मात्र थांबला. त्याने भिंगातून पाहिलं, तर प्रत्येक ठिपक्यात वेटोळे घालून बसलेला एक किडा!

अधिक नीट पाहायला सूक्ष्मदर्शक हवा होता. तो ना त्याच्याजवळ होता, ना रुग्णालयात हाताशी. म्हणून हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी थेट ब्रिटिश म्युझियममध्ये गेला आणि तिथे रॉबर्ट ब्राऊन यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याने तो नमुना पाहिला. हे तेच ब्राऊन, ज्यांनी पेशीतल्या केंद्रकाला नाव दिलं आणि ज्यांच्या नावाने 'ब्राऊनियन गती' ओळखली जाते. ही गोष्ट फेब्रुवारी १८३५ ची. अर्थात, नमुना रिचर्ड ओवेन या मोठ्या शास्त्रज्ञाकडेही पोचला, त्यांनी त्या कृमीचं वर्णन शास्त्रीय सभेत वाचलं, त्याला नाव दिलं, आणि शोधाचं बरंचसं श्रेय त्यांच्याकडे गेलं. आज तो कृमी ट्रिकिनेला स्पायरॅलिस म्हणून ओळखला जातो. नीट न शिजवलेल्या डुकराच्या मांसातून तो माणसाच्या शरीरात जातो. पॅजेट यांनी या श्रेयावरून आयुष्यभर भांडण केलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की ते ठिपके सगळ्यांनीच पाहिले होते, त्यांनी ते निरखले.

गरिबीची बारा वर्षं

१८३६ मध्ये पॅजेट सर्जनची परीक्षा उत्तीर्ण झाले. पण इथून पुढची गोष्ट सोपी नाही. त्या काळात बार्ट्समध्ये मोठ्या सर्जनच्या हाताखाली 'ड्रेसर' म्हणून काम करायचं तर भरभक्कम फी भरावी लागे. ड्रेसर झालं तरच हाऊस सर्जन, आणि हाऊस सर्जन झालं तरच पुढे रुग्णालयात सर्जनची जागा, अशी ती शिडी. पॅजेट यांच्याकडे पहिल्या पायरीचेच पैसे नव्हते. घरचा धंदा बुडाला होता, वर कर्ज होतं.

मग त्यांनी काय केलं? वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलं, विश्वकोशासाठी नोंदी लिहिल्या, फ्रेंच येत होतं, जर्मन स्वतः शिकले. १८३७ मध्ये रुग्णालयाच्या संग्रहालयाचे क्युरेटर झाले. म्हणजे काचेच्या बरण्यांत ठेवलेले रोगग्रस्त अवयव सांभाळायचे, त्यांची यादी करायची. लोकांच्या दृष्टीने हे कंटाळवाणं काम. पण बार्ट्सच्या संग्रहालयाची आणि नंतर रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहालयाची वर्णनात्मक सूची लिहिता लिहिता रोगाने शरीरात नेमकं काय होतं, याचं जे ज्ञान त्यांना झालं ते लंडनमधल्या फार थोड्या माणसांना होतं. १८४३ पासून ते शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागले आणि विद्यार्थी वसतिगृहाचे वॉर्डनही झाले. शिकवण्याची त्यांची हातोटी अशी, की वर्ग भरून वाहायचे.

लिडिया नॉर्थ यांच्याशी त्यांचा वाङ्‌निश्चय १८३६ मध्ये झाला होता. लग्न झालं १८४४ मध्ये! आठ वर्षं दोघं थांबली, कारण संसार चालवण्याइतकी मिळकत नव्हती.

१८४७ मध्ये सहायक सर्जनची निवडणूक झाली तेव्हा विरोधकांचा मोठा मुद्दा हाच होता, की हा माणूस कधी ड्रेसर नव्हता, हाऊस सर्जन नव्हता. तरीही ते निवडून आले. वडिलांच्या कर्जाचं काय झालं म्हणाल, तर कायद्याने मुलांवर ती जबाबदारी नव्हती. पण पॅजेट आणि त्यांच्या भावांनी वर्षानुवर्षे थोडे थोडे करून ते सगळं कर्ज फेडलं.

दोन रोगी, एकच चेता

आता आपल्या मुख्य विषयाकडे वळू. १८४७ ते १८५२ या काळात पॅजेट यांनी रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये व्याख्यानं दिली. ती १८५३ मध्ये 'लेक्चर्स ऑन सर्जिकल पॅथॉलॉजी' या नावाने प्रसिद्ध झाली. पुष्कळ ठिकाणी साल १८५४ दिलेलं आढळतं, ते अमेरिकेतील आवृत्तीचं. या व्याख्यानांत एका ठिकाणी ते एक प्रश्न विचारतात: शरीराच्या एखाद्या भागाचं पोषण नीट व्हायला फक्त रक्त पुरतं का, की चेतांचाही त्यात वाटा असतो? या प्रश्नाच्या उत्तरात मनगटाचे दोन रोगी येतात.

पहिला रोगी असा. एका माणसाच्या मनगटाभोवती दोरी अतिशय घट्ट आवळली गेली होती. दोरी सुटली, पण दुखणं सुटलं नाही. हातात सतत वेदना, स्पर्श नीट कळेना, बोटं वाकून आखडली. वर्षं गेली आणि शेवटी वेदनेपायी हात कापून टाकावा लागला. विचार करा, हाड मोडलेलं नाही, जखम सडलेली नाही, तरी हात कापायची वेळ! त्या कापलेल्या हाताचं विच्छेदन केल्यावर दिसलं ते असं: मनगटाच्या तळव्याकडील बाजूला जो आडवा अस्थिबंध असतो, त्याच्या आसपासच्या सगळ्या ऊती जाड झाल्या होत्या, एकमेकींना चिकटल्या होत्या. आणि त्यांच्या मधून जाणारी मध्यक चेता, म्हणजे मीडियन नर्व्ह, फुगलेली, कठीण झालेली आणि चहूबाजूंनी त्यांना चिकटून बसलेली होती. दोरी केव्हाच गेली होती, पण शरीराने आतून दुसरी दोरी तयार केली होती.

दुसरा रोगी लंडनच्याच गाय्ज रुग्णालयातला. तिथले सर्जन जॉन हिल्टन यांनी तो पाहिला होता. या माणसाचं मनगटाजवळचं हाड मोडलं होतं आणि भरून येताना तिथे गरजेपेक्षा जास्त नवं हाड तयार झालं. त्या उंचवट्याने मध्यक चेता दाबली गेली. पुढे त्याचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांवर व्रण पडले. मलमं झाली, उपाय झाले, व्रण भरेनात. मग मनगट अशा रीतीने बांधून ठेवलं की तळव्याकडच्या बाजूचा ताण सैल पडेल आणि चेतेवरचा दाब जाईल. व्रण भरून आले! हात मोकळा केला, माणूस कामाला लागला, की व्रण परत. पुन्हा बांधलं, पुन्हा बरे.

मित्रांनो, हा दुसरा रोगी मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण इथे प्रयोगच झाला म्हणा ना. दाब काढला की रोग जातो, दाब दिला की रोग येतो. कारण आणि परिणाम यांची अशी साखळी रोग्याच्या शरीरात इतकी स्वच्छ क्वचितच दिसते. आणि करंगळीकडे लक्ष द्या. व्रण अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांवरच का? कारण मध्यक चेता याच बोटांना आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला संवेदना पुरवते. करंगळीची चेता वेगळी, ती या बोगद्यातून जात नाही.

मनगटातला बोगदा

बोगदा हा शब्द आला, म्हणून थोडं शरीररचनेचं. स्वतःचा डावा हात पुढे धरा, तळवा वर. मनगटाच्या आडव्या रेषेच्या जरा पुढे, तळव्याच्या सुरुवातीला दाबून बघा. तिथे कडक लागतं. खाली आठ लहान हाडांची कमान आहे आणि तिच्यावर छपरासारखा एक जाड, रुंद, न ताणणारा अस्थिबंध. या दोहोंमधल्या अरुंद जागेतून नऊ स्नायुरज्जू जातात आणि त्यांच्याच गर्दीत एकटी मध्यक चेता. गर्दीच्या वेळची लोकल डोळ्यांसमोर आणा. डबा मोठा होत नाही, माणसं मात्र वाढतात. स्नायुरज्जूंवरचं आवरण सुजलं, अस्थिबंध जाड झाला, शरीरात पाणी साठलं, की आतला दाब वाढतो. स्नायुरज्जू दणकट, त्यांना फारसा फरक पडत नाही. मऊ असते ती चेता, तीच दबते.

दबल्यावर नेमकं काय होतं? चेतेला स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्या असतात. दाबाने आधी त्यांचा प्रवाह कमी होतो. म्हणून सुरुवातीला मुंग्या येतात आणि हात झटकला की बरं वाटतं. रात्री त्रास जास्त, कारण झोपेत मनगट नकळत वाकलेलं राहतं. दाब महिनोन्महिने राहिला तर चेतेच्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होतं, संदेश मंदावतात. त्याही पुढे गेलं तर तंतूच मरू लागतात, अंगठ्याच्या बुडाशी असलेला स्नायूचा उंचवटा बसतो आणि हातातून वस्तू सुटायला लागतात.

वार्षिक परीक्षेचे गठ्ठे तपासताना आम्हा शिक्षकांपैकी अनेकांचा हात अवघडतो, तो प्रत्येक वेळी हाच आजार असतो असं मात्र नाही. कारणं वेगवेगळी असतात. हा त्रास स्त्रियांमध्ये जास्त दिसतो. गरोदरपणात, मधुमेहात, थायरॉईड कमी असताना तो वाढतो. शरीरात अशा अरुंद जागा आणखीही आहेत. कोपराच्या आतल्या बाजूला, घोट्याजवळ, जांघेच्या वरच्या कोपऱ्यात. तिथेही चेता तशीच अडकू शकते.

शोध समोर असून का दिसला नाही?

पॅजेट यांनी हे लिहिलं १८५३ मध्ये. मनगटातला तो घट्ट अस्थिबंध कापून चेता मोकळी करायची शस्त्रक्रिया वैद्यकात रुजली विसाव्या शतकात. १८८० मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या जेम्स पुटनम यांनी रात्री हात बधिर होणाऱ्या ३७ रोग्यांचं वर्णन केलं, पण मूळ त्यांनी रक्तवाहिन्यांत शोधलं. १९१३ मध्ये फ्रान्सच्या पिएर मारी आणि शार्ल फॉई यांनी एका मृत व्यक्तीच्या मनगटात चेता अस्थिबंधाच्या अलीकडे फुगलेली आणि खाली चेपलेली पाहिली आणि वेळीच तो अस्थिबंध कापला असता तर उपयोग झाला असता असं सुचवलं. १९३३ मध्ये मेयो क्लिनिकमधून जेम्स लर्मंथ यांनी अशी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. १९५० नंतर अमेरिकेचे जॉर्ज फेलेन यांनी रोग्यांची मोठी संख्या मांडली, आणि मग 'कार्पल टनेल सिंड्रोम' हे नाव सगळीकडे पोचलं. म्हणजे जवळपास शंभर वर्षं!

एवढा उशीर का झाला, याची दोन कारणं मला दिसतात. एक, पॅजेट यांचा प्रश्नच वेगळा होता. ते पोषणाचं उदाहरण देत होते, नव्या आजाराला नाव देत नव्हते. वाचणाऱ्यांनी ते उदाहरण म्हणून वाचलं आणि पान उलटलं. त्यात त्यांचे दोन्ही रोगी अपघाताचे. एक दोरीचा, एक मोडलेल्या हाडाचा. कुठलाही अपघात न होता, घरकाम करणाऱ्या बाईच्या मनगटातही हेच घडत असेल, असं कुणाच्या मनात आलं नाही. अशा बायकांचा त्रास मान किंवा खांद्याच्या खाती टाकला जायचा.

दुसरं कारण अगदी व्यावहारिक. पॅजेट व्याख्यानं देत होते तेव्हा ईथर आणि क्लोरोफॉर्मची भूल नुकतीच, १८४६ आणि १८४७ मध्ये आली होती. लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत यायला १८६७ उजाडायचं होतं. त्याआधी मनगट उघडून त्या नाजूक चेतेजवळ सुरी नेणं म्हणजे मुंग्या घालवायला जाऊन जीव घालवणं. म्हणून मनगट बांधून ठेवणं हाच शहाणपणाचा उपाय होता. गंमत म्हणजे आजही सौम्य त्रासात डॉक्टर पहिल्यांदा रात्री मनगटाला पट्टाच बांधायला सांगतात. फरक एवढाच, की आता मनगट सरळ ठेवतात. हिल्टनच्या रोग्याला मनगटाच्या वाकवण्याने आराम पडला तो त्या वाढलेल्या हाडामुळे. इतरांचं मनगट पूर्ण वाकवलं तर बोगद्यातला दाब उलट वाढतो. फेलेन यांची प्रसिद्ध चाचणी यावरच आहे. मनगटं मिनिटभर वाकवून धरायची आणि मुंग्या येतात का ते पाहायचं.

हाडवैद्यांकडून शिकणारा सर्जन

घट्ट ऊतींचा विषय पॅजेट यांच्या आयुष्यात पुन्हा एकदा आला. आपल्याकडे गावोगावी हाडवैद्य असतात, तसे इंग्लंडमध्येही 'बोनसेटर' असायचे. शिकलेले डॉक्टर त्यांना भोंदू समजत. पण डॉक्टरांनी हात टेकलेला एखादा रोगी बोनसेटरकडे जायचा, तो एक झटका द्यायचा, कट्‌कन आवाज व्हायचा आणि रोगी चालत घरी यायचा. डॉक्टरांचा संताप व्हायचा. १८६७ मध्ये पॅजेट यांनी विद्यार्थ्यांसमोर याच विषयावर व्याख्यान दिलं: बोनसेटर बरे करतात ते कोणते रोगी? त्यांचं सांगणं असं होतं, की हाड सरकलं होतं हे बोनसेटरचं बोलणं बहुतेक वेळा खोटं असतं, पण रोगी बरा होतो हे खरं असतं. मार लागल्यावर सांधा फार दिवस हलवला नाही तर आजूबाजूच्या ऊती आखडतात, चिकटतात. झटक्याने ते चिकटलेले धागे तुटतात आणि सांधा मोकळा होतो. मात्र सांध्यात क्षय किंवा सूज असताना तोच झटका रोग्याचा सत्यानाश करतो, हेही त्यांनी बजावलं. त्यांच्यातलं चांगलं उचला, वाईट टाळा, अशी त्यांची शिकवण होती. राणी व्हिक्टोरियाच्या सर्जनने हे भर वर्गात सांगावं, याला धाडस लागतं. (होय, १८५८ पासून ते राणीचे विशेष सर्जन होते.)

शिक्षक म्हणून त्यांचं आणखी एक काम मला आवडतं. १८६९ मध्ये त्यांनी आपल्या १,००० विद्यार्थ्यांचं पुढे काय झालं याचा शोध घेऊन तो प्रसिद्ध केला. २३ जणांनी असामान्य यश मिळवलं, ६६ जणांनी बरंच, ५०७ जणांचं ठीक चाललं, १२४ जणांना फारच थोडं यश मिळालं, ५६ जण पूर्ण अपयशी ठरले. ९६ जणांनी हा व्यवसाय सोडला. ८७ जण व्यवसाय सुरू केल्यावर बारा वर्षांच्या आत वारले आणि ४१ जण तर शिकत असतानाच गेले. शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचा. रुग्णालयातला संसर्ग तेव्हा डॉक्टरांनाही सोडत नव्हता.

स्वतः पॅजेटही त्यातून सुटले नाहीत. १८७१ मध्ये एका शवविच्छेदनातून त्यांना विषबाधा झाली आणि ते मरणाच्या दारातून परत आले. बरे झाल्यावर त्यांनी बार्ट्समधली सर्जनची जागा सोडली. आणि आपलाच आजार विषय म्हणून घेऊन त्यावर व्याख्यान दिलं! त्याच वर्षी त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला.

वाढणारी टोपी

त्यांच्या नावाने आज ओळखला जाणारा हाडांचा आजार त्यांनी १८७६ मध्ये मांडला, तो पुढच्या वर्षी छापून आला. एका गृहस्थाला त्यांनी १८५६ पासून तब्बल वीस वर्षं पाहिलं. त्याची हाडं जाड होत होती पण मऊ पडून वाकत होती. उंची काही इंचांनी घटली, डोकं मात्र वाढत गेलं. टोपीचं माप १८४४ मध्ये साडेबावीस इंच होतं, ते १८७६ मध्ये सव्वासत्तावीस इंच झालं. या रोगात कवटीचं हाड वाढून कानाच्या चेतेला बाधा होऊ शकते आणि बहिरेपण येतं. स्तनाग्राच्या कर्करोगाचा एक प्रकारही त्यांनी १८७४ मध्ये सांगितला, त्यालाही त्यांचंच नाव आहे.

१८७५ मध्ये ते रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे अध्यक्ष झाले. १८८१ मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेचे तेच अध्यक्ष. त्या सभागृहात पाश्चर, कॉख, विर्शो, लिस्टर असे दिग्गज एकत्र बसले होते. १८८३ मध्ये ते लंडन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. चार मुलांपैकी दोन बिशप झाले. धाकटा स्टीफन सर्जन झाला. कर्करोग एका अवयवातून ठरावीक अवयवांतच का पसरतो, यासाठी त्याने १८८९ मध्ये दिलेलं बी आणि माती यांचं उदाहरण आजही वैद्यकात शिकवलं जातं.

३० डिसेंबर १८९९ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, जेम्स पॅजेट यांचं निधन झालं. अंत्यविधीची प्रार्थना वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये झाली. हाडांच्या रोगाला त्यांचं नाव मिळालं, कर्करोगाच्या एका प्रकाराला मिळालं, दंडाच्या शिरेत रक्त गोठण्याच्या आजारातही 'पॅजेट' आहे. मनगटाच्या आजाराला मात्र नाही. तिथे चाचणी फेलेन यांच्या नावाची आहे, आणि दोरीने हात गमावलेल्या त्या माणसाचं नाव तर पॅजेट यांच्या पुस्तकातही दिलेलं नाही.